टॉवरच्या सभेला दीडशे, संगणकाच्या सभेला नऊ

आमच्या वस्तीतील विहाराच्या सभागृहात एकाच महिन्यात दोन सभा झाल्या. पहिली सभा अभ्यासिकेसाठी संगणक घ्यावेत काय, या विचारासाठी होती. तिला नऊ माणसे आली आणि त्यातला एक सभागृहाची किल्ली सांभाळणारा होता. दुसरी सभा शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर उभ्या राहणाऱ्या मोबाईल टॉवरच्या विरोधात होती. तिला दीडशेच्या वर माणसे जमली. आयाबाया लेकरे काखेला मारून आल्या होत्या, उभे राहायला जागा नव्हती. टॉवरमुळे कर्करोग होतो, पोरे मतिमंद जन्मतात, चिमण्या मरतात, असे एकामागून एक सांगितले गेले. पाऊण तासात चाळीस हजारांची वर्गणी लिहून झाली आणि उच्च न्यायालयात याचिका दाखल करण्याची जबाबदारी आमच्यावर सोपविण्यात आली.

आम्ही ती घेतली नाही. तेव्हा मागच्या रांगेतून एका तरुणाने विचारले, ‘वकीलसाहेब, टॉवरवाल्यांशी तुमचं काही ठरलंय का?’ वीस वर्षे वस्तीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्याला हा प्रश्न लागतोच. पण त्या पोराचाही दोष नाही. ज्यांना आजवर प्रत्येकाने फसविले, त्यांनी वकिलावरही संशय घ्यावा हे स्वाभाविक आहे. त्या रात्री गोंगाटात आमचे म्हणणे पुरे मांडता आले नाही. ते येथे मांडतो. हा प्रश्न एका वस्तीचा नाही, म्हणून त्यासाठी वृत्तपत्राची जागा घेण्यात आम्हाला गैर वाटत नाही.

प्रथम टॉवरचे पाहू. क्ष-किरण किंवा गॅमा किरण यांच्यात शरीरातील रेणू तोडण्याइतकी ऊर्जा असते, म्हणून ते घातक. मोबाईलच्या लहरी रेडिओ, दूरदर्शन यांच्या कुळातल्या. त्यांची ऊर्जा आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाहूनही कमी असते. त्या रेणू तोडू शकत नाहीत. फार तीव्र असतील तर ऊती तापवतात, आणि तसे होऊ नये म्हणून मर्यादा घातलेल्या असतात. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात, म्हणजे २-ब मध्ये टाकले होते. सभेत एका शिक्षकबंधूंनी तोच कागद फडकावला. कागद खरा होता. पण त्याच गटात आशियातील पारंपरिक पद्धतीची लोणच्यातली भाजीही आहे, हे त्यांच्या कागदावर नव्हते. पुढे याच जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. लहरींची तीव्रता अंतराबरोबर झपाट्याने घटते. गच्चीवरच्या टॉवरपेक्षा कानाला लावलेल्या फोनकडून माणसाला जास्त लहरी मिळतात. टॉवर दूर असला, सिग्नल अशक्त असला, की फोन आपला आवाज पोहोचविण्यासाठी आणखी जोर लावतो. म्हणजे टॉवर हटवून आम्ही कानाशी असलेला स्रोतच वाढवून ठेवला असता.

‘पण सुप्रीम कोर्टाने टॉवर बंद केला होता ना?’ असे कुणी विचारले. होय, २०१७ साली ग्वाल्हेरच्या एका घरकामगाराच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने एक टॉवर बंद करावयास लावला होता. तो त्या एका टॉवरपुरता आदेश होता, त्यामुळे देशभरचे टॉवर धोकादायक ठरले नाहीत. दुसरी बाजूही पाहावी. जून २०२१ मध्ये अभिनेत्री जुही चावला यांचा फाइव्ह-जीविरोधी दावा दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला आणि वीस लाखांचा खर्च बसविला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये तो दोन लाखांवर आणला गेला. चित्रपट अभिनेत्रीला दोन लाख म्हणजे काय? आमच्या वस्तीला दोन लाख म्हणजे दोन वर्षांच्या जयंतीची वर्गणी. दुसऱ्याच्या पैशावर असली जोखीम घेणाऱ्या वकिलाची सनद काढून घ्यावी, असे आमचे मत आहे.

आम्ही सुचविले ते एवढेच. दूरसंचार विभागाने २०१७ साली ‘तरंग संचार’ नावाची व्यवस्था सुरू केली. तीत कोणताही नागरिक चार हजार रुपये भरून टॉवरच्या लहरी मोजून घेऊ शकतो, असे तेव्हा ठरविण्यात आले. आधी मोजा, मग भांडा. तपासल्याशिवाय मानू नका ही शिकवण ज्यांच्या भिंतीवर टांगलेली आहे, त्यांनी तरी व्हॉट्सअपवर आलेला मेलेल्या चिमणीचा फोटो पुरावा म्हणून घेऊ नये! लोकांनी कुरकुर केली, पण अर्ज केला. मोजणी झाली आणि लहरी मर्यादेच्या खूप आत निघाल्या. काही घरे आजही आमच्याशी बोलत नाहीत.

आता गंमत अशी की, त्या गच्चीवर घातक वस्तू होतीच. तिच्याकडे कुणी पाहिले नाही. वीज गेली की टॉवरचा डिझेल जनरेटर सुरू होतो आणि त्याचे धुराडे आमच्या चाळीच्या खिडक्यांकडे तोंड करून होते. ज्या संस्थेने लहरींना २-ब मध्ये टाकले, तिनेच जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराला पहिल्या गटात टाकले आहे. पहिला गट म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे असा गट. (हे गट पुराव्याची मजबुती सांगतात, धोक्याचा आकार नव्हे, हेही सांगून ठेवतो. अर्धे सांगणे हा आमचा धंदा नाही.) धुराड्याचे तोंड वळवून घ्यायला याचिका लागली नाही. एक नोटीस आणि पालिकेत दोन चकरा पुरल्या.

असाच आणखी एक धोका आमच्या घराघरांत झोपलेला असतो. शब्दशः झोपलेला, दुपारी बारा वाजता, पडदे ओढून. कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणारी आमची पोरे-पोरी. रात्रपाळीचे काम याच संस्थेने २००७ मध्ये २-अ गटात, म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले आणि २०१९ मध्ये फेरतपासणी करूनही तेथेच ठेवले. म्हणजे पुराव्याच्या पायरीवर रात्रपाळी टॉवरच्या लहरींहून वरती आहे. तिच्याविरुद्ध आम्ही सभा घेतलेली नाही. पोरगी पगार आणते, तिला रात्रपाळी सोड म्हणून कोण सांगणार? पण निदान दिवसा तिच्या खोलीत अंधार असू द्यावा, दुपारी बाराला तिला नळाचे पाणी भरायला उठवू नये, एवढे तर घर करू शकते. आमच्या आयाबहिणी हे मानत नाहीत. दिवसा झोपणारी मुलगी त्यांना आळशी वाटते.

आणि नाल्याकडचे काय? आमच्या वस्तीच्या मागे नाल्याकाठी भंगाराची वखार आहे. संध्याकाळी तेथे काळा धूर निघतो. संगणकाच्या, चार्जरच्या, टीव्हीच्या तारा जाळून तांबे काढले जाते. जाळणारे कोण? आमचीच बारा-चौदा वर्षांची पोरे. जुन्या संगणकात शिसे असते, पारा असतो, कॅडमियम असते. वरचे प्लास्टिक जळाले की डायऑक्झिनसारखी विषे हवेत जातात. शिसे वाढत्या वयातील मुलांच्या मेंदूवर आघात करते, याबद्दल वैद्यकशास्त्रात दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक कचरा आणि मुले या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन असा कचरा निघाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेला कोणाच्या हातून गेला, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. ज्यांच्या आज्याने मेलेली ढोरे ओढली, त्यांच्या नातवाच्या हाती मेलेला संगणक आला.

कायदा आहे. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे पहिले नियम मे २०१२ पासून लागू झाले, ते बदलून २०१६ चे आले, आता २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण वखारीतल्या पोराला या नियमाने एक हातमोजाही मिळालेला नाही. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरा वेचणाऱ्या, बहुसंख्य आमच्याच असलेल्या बायांची संघटना उभारली आणि त्या कामाला ओळखपत्र, दर आणि मान मिळवून दिला. तारा जाळणाऱ्या पोरांची अशी संघटना आमच्या भागात उभी राहिलेली नाही. उभी राहिली तर आम्ही तिचे वकीलपत्र फुकट घेऊ.

डोळ्यांविषयी बायका फार विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. स्क्रीनकडे पाहताना माणूस पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी दूर पाहावे. चष्म्याच्या दुकानात निळ्या उजेडापासून वाचविणारी म्हणून जी महाग काच गळ्यात मारतात, तिने डोळ्यांचा ताण कमी होतो असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सतरा चाचण्यांच्या आढाव्यात दिसले नाही. ते पैसे वाचवावेत. मात्र पोराला जेवण भरविताना हाती मोबाईल देणे बंद करावे. जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे म्हणणे असे की, दोन वर्षांच्या आतील मुलाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभराहून अधिक नको. मूल उन्हात खेळले तर चष्मा उशिरा लागतो, आणि ऊन अजून तरी फुकट आहे.

आता त्या नऊ माणसांच्या सभेकडे येतो, कारण आमचे खरे दुःख तेथे आहे.

‘संगणक कशाला? सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे की,’ असे त्या नवांपैकी चौघांचे म्हणणे होते. वरकरणी ते पटतेही. पण मोबाईल हे पाहण्याचे यंत्र आहे, संगणक हे करण्याचे यंत्र आहे. मोबाईलवर तुम्ही रील पाहाल, फॉर्म कसाबसा भराल. त्यावर दहा पानी अर्ज टंकलिखित होत नाही, हिशेबाचा तक्ता नीट मांडता येत नाही, प्रोग्राम लिहून चालवून पाहणे म्हणजे छळ. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत देशातील १०.७ टक्के घरांत संगणक आढळला. ग्रामीण भागात ४.४ टक्के. त्यानंतर फोन घरोघर आले आणि आपण समजलो की तंत्रज्ञान घरात आले. घरात गिऱ्हाईक आले! ज्या घरात पंचवीस हजारांचा फोन हप्त्यावर येतो, त्याच घरात दहा हजारांचा जुना संगणक ‘परवडत नाही’. याला गरिबी म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनी ठरवावे.

बाबासाहेबांची या बाबतीतली भूमिका आम्ही विसरलो आहोत. गांधीजी आणि काँग्रेसने अस्पृश्यांसाठी काय केले याची झाडाझडती घेणाऱ्या त्यांच्या ग्रंथात गांधीवादावर एक प्रकरण आहे. यंत्र माणसाला जनावरासारख्या राबण्यातून सोडवते आणि मनाच्या मशागतीसाठी फुरसत देते. म्हणून दोष यंत्राला न देता, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेला द्यावा, असा त्यांचा तेथील युक्तिवाद आहे. ज्यांनी यंत्राच्या बाजूने इतके स्पष्ट सांगितले, त्यांच्या अनुयायांच्या अभ्यासिकेत २०२० सालापर्यंत एकही कळफलक नव्हता, ही वस्तुस्थिती आम्ही लाजून लिहितो.

शेवटी टॉवरच्या वर्गणीतले पैसे परत मागायला अर्धीच माणसे आली. उरलेल्या अर्ध्यांनी ‘लावा संगणकाला’ म्हटले, काहींनी रागाने, काहींनी प्रेमाने. अठरा-वीस हजार शिल्लक होते, त्यात आमच्यासारख्या चौघांनी भर घातली. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन कंपन्यांनी काढून टाकलेले तीन जुने डेस्कटॉप प्रत्येकी दहा-अकरा हजारांना घेतले. कॉलेजातली पोरे नवा, चकचकीत लॅपटॉपच हवा म्हणून हटून बसली होती. पण त्या किमतीत एकच आला असता, तोही कुणीतरी घरी नेला असता. डेस्कटॉप जागचा हलत नाही, बिघडला तर एकेक भाग बदलता येतो आणि त्याचा पडदा डोळ्यांच्या उंचीवर ठेवता येतो. आम्ही पडद्याखाली जुन्या कायद्याच्या वह्या रचल्या आहेत. मानेचा त्रास टाळण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हाला ठाऊक नाही. घेताना पाहिले ते दोनच गोष्टींकडे. मेमरी आठ जीबीच्या खाली नको, आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी टाकून घ्यायची. या एका बदलाने दहा वर्षांपूर्वीचे यंत्र तरुण होते.

विंडोजवरून मात्र वाद झाला. विंडोज १० ला सुरक्षेची नियमित दुरुस्ती देणे कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले आणि विंडोज ११ आमच्या जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. गल्लीतला दुकानदार म्हणाला, ‘साहेब, पाचशे रुपयांत क्रॅक करून देतो.’ वकिलाच्या तोंडावर! कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे संगणक प्रोग्रामची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाचीही तरतूद आहे. शिवाय असल्या प्रतींतून विषाणू येतात ते वेगळेच. म्हणून दोन यंत्रांवर आम्ही लिनक्स टाकले. ते फुकट आहे आणि जुन्या यंत्रावर हलके चालते. ‘नोकरीत विंडोज लागतं, हे शिकून काय करायचं?’ असे एका पालकांनी विचारले. त्यांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. इंटरनेटवरील बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. केरळच्या सरकारी शाळांत गरिबांची मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच शिकत आली आहेत. तरीही पालकांची भीती अगदीच खोटी नव्हती. एमएस-सीआयटी आणि शासकीय टंकलेखन परीक्षेचा सराव विंडोजवर करावा लागतो, म्हणून तिसरे यंत्र थोडे नवे घेतले आणि त्यावर परवान्याचे विंडोज ठेवले. दुराग्रह येथेही कामाचा नाही.

मराठी टंकलेखन आम्ही युनिकोडमध्ये, इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिकवतो. चळवळीच्या जुन्या अनियतकालिकांच्या, स्मरणिकांच्या फाइली जुन्या फाँटमध्ये अडकून पडल्या आहेत. त्या उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो. ज्या मुलांना रविवारी वेळ आहे, त्यांना ते साहित्य पुन्हा टंकलिखित करण्याचे काम दिले आहे. टंकलेखनाचा हात बसतो आणि वाचनही होते.

राहिला नोकरीचा प्रश्न, आणि येथे आमची सर्वात मोठी फसवणूक होते.

पालिकेत झाडूकाम करणाऱ्या आमच्या एका बंधूने मुलीसाठी पतपेढीचे नव्वद हजारांचे कर्ज काढून तिला ‘डेटा सायन्स’च्या खासगी क्लासला घातले. पत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘शंभर टक्के नोकरीची हमी’. सही घेतलेल्या कागदावर बारीक अक्षरांत ‘नोकरी मिळण्यास सहाय्य’. सहा महिन्यांनी तिला एका दुकानात मोबाईल विकायची नोकरी सांगण्यात आली. मुलगी घाबरून गप्प होती, बाप म्हणत होता, ‘आपल्याच पोरीत काही कमी असेल.’ ही दुसऱ्याच्या लबाडीचा दोष स्वतःच्या माथी घेण्याची सवय आमच्यात किती पिढ्यांची आहे! सुदैवाने तिने पत्रक जपून ठेवले होते आणि क्लासच्या माणसाचे ‘नोकरी पक्की’ असे मोबाईलवरचे निरोप पुसले नव्हते. आम्ही नोटीस दिली, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली, आणि क्लासने तडजोडीत साठ हजार परत केले. तीस हजार बुडालेच.

पालकांनी यातून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विद्यापीठाच्या महाविद्यालयाविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मिळणे कठीण आहे. पण खासगी शिकवणी वर्गांना शिक्षणसंस्थेचा आडोसा मिळणार नाही, असे राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२० मध्ये मनू सोलंकी प्रकरणात म्हटले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला २०२० च्या नियमांत फी ठेवलेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत नोकरीची खोटी हमी देण्यावरही बंदी आहे. मोबाईलवरचे निरोप पुरावा म्हणून चालतात, मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. तेव्हा पत्रक फेकू नका, निरोप पुसू नका, आणि रोख पैसे देऊन पावतीशिवाय घरी येऊ नका.

आणि नव्वद हजार द्यायचेच कशाला? आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्स, लिबरऑफिस, पायथॉन यांचे धडे मराठीतून फुकट आहेत. आयआयटींच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएल आणि स्वयम् वर फुकट पाहता येतात, पैसे लागतात ते फक्त परीक्षेचे. आयटीआयमध्ये संगणक चालक व प्रोग्रामिंग सहायक हा एका वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे, त्यात आरक्षणही आहे. ती मुलगी आता अभ्यासिकेत हेच धडे लावते आणि धाकट्यांनाही शिकवते.

शिकून कंपनीच्या दारात गेल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनाव वेगळे असलेले ४,८०८ अर्ज खासगी कंपन्यांकडे पाठविले. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली. आमचे भाषणकर्ते हा आकडा सांगून थांबतात. वकिलाने विरुद्ध बाजूचा पुरावाही ठेवला पाहिजे. २००९ मध्ये दिल्लीतील अशाच एका प्रयोगात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत असा भेद आढळला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र थोडाफार आढळला. आम्ही याचा अर्थ असा लावतो की, ज्या कामात हातचे कौशल्य तपासून पाहता येते तेथे आडनावाचा जोर ओसरतो, आणि जेथे ‘बोलणे-चालणे’ पाहिले जाते तेथे तो वाढतो. हा आमचा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. आत शिरल्यानंतरही जात पाठ सोडत नाही. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को कंपनीवर दलित अभियंत्याशी भेदभाव केल्याच्या आरोपाखाली दावा लावला. एप्रिल २०२३ मध्ये दोन व्यवस्थापकांवरील दावा मागे घेतला गेला, कंपनीवरील चालू राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला बंदी घातली, तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसे विधेयक परत पाठविले. लढाई तिकडेही अर्ध्यातच आहे.

म्हणून मुलांनी सारी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या दिवसांत केवळ घोकलेला कोड लिहिणाऱ्याचे भविष्य कठीण आहे. बँकांच्या आयटी अधिकारी पदांसाठी आयबीपीएसची परीक्षा होते, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रातही भरती होते, आणि तेथे आरक्षण आहे. या जाहिराती अभ्यासिकेच्या फळ्यावर लागल्या पाहिजेत. कंत्राटी भरतीकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे. केंद्र सरकारच्या ४५ दिवस वा अधिक मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकांत आरक्षण द्यावे, असा केंद्राचा आदेश आहे. तो नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा बजावला गेला. पण काम ठेकेदार संस्थेमार्फत दिले की हा आदेश हवेत विरतो. ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक मानधनासाठी आणि कर्मचारी म्हणून मान्यतेसाठी आझाद मैदानावर पुन्हा पुन्हा बसले, ते याच रचनेमुळे. संगणकावर बसलेला माणूस सुटला, असे समजण्याचे दिवस गेले.

सध्या अभ्यासिकेत रोज संध्याकाळी सात ते दहा तिन्ही यंत्रे चालू असतात. मुलींसाठी साडेआठपर्यंतची वेळ राखून ठेवली आहे, कारण नंतर त्यांना घरून पाठवत नाहीत. एका यंत्राचा कळफलक पोरांनी महिन्यात खिळखिळा केला, तो बदलायचा आहे. नाल्याकाठच्या वखारीबाबत संबंधित खात्याकडे दिलेल्या अर्जाला दोन महिने झाले, उत्तर नाही. त्या प्रश्नावर येत्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी सायंकाळी सहा वाजता त्याच सभागृहात सभा ठेवली आहे. वखारीत काम करणाऱ्या मुलांच्या पालकांनाही बोलावले आहे.